मिस्त्रीच म्हणाले, वॉरंटी घ्या

बँकेत हिशेबाच्या टेबलावर नोकरी केलेल्या माणसाला ओळखीपाळखीचे लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. ठेव कुठे ठेवू, आणि गाडी घेतोय तर हे एक्स्टेंडेड वॉरंटीचं काय करू? पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर व्याजदर बघून बदलत आलं. दुसऱ्याचं कधी बदललं नाही. ‘नको. तेवढ्या पैशात वर्षभराचं ऑइल येतं,’ हे माझं ठरलेलं वाक्य. सांगली-मिरजेत ते ऐकून वॉरंटीच्या चौकटीवर फुली मारलेले इतके लोक निघतील, की एखाद्या शोरूमचं महिन्याचं टार्गेट त्यात बुडालं असेल. आता मी ‘घ्या’ म्हणायला लागलोय. सरसकट नाही, पण म्हणतोय. ज्यांना आधी ‘नको’ म्हटलं त्यांच्या कानावर हे दुसऱ्याकडून जाण्याआधी, मत का फिरलं ते मीच सांगितलेलं बरं.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण ती सगळी मी सोडलेली नाही.

शोरूममधला कोटेशनचा कागद डोळ्यांपुढे आणा. वर एक्स-शोरूम किंमत, खाली आरटीओ, विमा, हँडलिंग असे मोठे आकडे, आणि तळाशी तीन-चार बारक्या ओळी. आरएसए, टेफ्लॉन कोटिंग, ॲक्सेसरीज किट, आणि नुसती दोन अक्षरं लिहिलेली ‘ई.डब्ल्यू.’, म्हणजे ही एक्स्टेंडेड वॉरंटी. त्या ओळींपुढे पेनाने टिक आधीच केलेली असते. तुम्ही विचारलंत तरच समोरचा मुलगा सांगतो, ‘सर, ते सगळेच घेतात.’ दीड लाखाच्या गाडीत दोन हजार म्हणजे काहीच नाहीत, असं वाटायची ती वेळ असते. घरचे सोबत असतात, पेढ्यांचा बॉक्स आणायला कुणीतरी गेलेलं असतं. हेच दोन हजार एखाद्या मंगळवारी संध्याकाळी कुणी दारात येऊन मागितले, तर आपण त्याला दहा प्रश्न विचारू. २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा तर ‘वाचले त्यात वॉरंटी बसवून टाका’ असा नवाच सूर मी ऐकला. वाचलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत पोचू द्यायचे नाहीत, ही कला आहे.

या विक्रीच्या पद्धतीवर माझा जेवढा राग होता, तेवढाच विश्वास माझा एका आलेखावर होता. यंत्र कधी बिघडतं याचा अभ्यास करणारे इंजिनिअर ‘बाथटब कर्व्ह’ सांगतात. नव्या यंत्रात कारखान्यातून आलेले दोष सुरुवातीच्या काही महिन्यांत बाहेर पडतात. मग बराच काळ बिघाड क्वचित होतात. शेवटी झीज वाढली की ते पुन्हा चढतात. आलेखाचा आकार आंघोळीच्या टबासारखा, दोन्ही बाजूंनी उंच आणि मध्ये सपाट. सुरुवातीचे दोष कंपनीच्या मूळ वॉरंटीत निघून जातात. म्हातारपणची दुखणी सुरू व्हायच्या आत वाढीव वॉरंटी संपलेली असते. विकतात ती मधली सपाट जागा, आणि ती विकत घेण्यात काय शहाणपण, असा माझा सवाल असायचा. त्यातून जे हमखास झिजतं ते या वॉरंटीत नसतंच. क्लचप्लेट, ब्रेकशू आणि पॅड, चेन-स्प्रॉकेट, टायर, केबल, बल्ब, फिल्टर, प्लग, रबराचे भाग हे सगळं वगळलेलं. बॅटरीची वॉरंटी वेगळी, बॅटरीवाल्याची. उरतं काय? पिस्टन, क्रँक, गिअर. आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा क्रँक चौथ्या वर्षी गेल्याचं कुणी ऐकलंय? वरून या वॉरंटीवर १८ टक्के जीएसटी, आणि विकणाऱ्याचं कमिशन आतच धरलेलं.

शिवाय मिस्त्री होते. माझ्या मताचा खरा पाया तेच होते.

आमचे मिस्त्री गल्लीच्या तोंडाला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. गाडी ‘धरत नाही’ म्हटलं की ते आधी आवाज ऐकायचे, मग चोक ओढून बघायचे, मग कार्ब्युरेटर उतरवायचा. बाऊल उघडून आतलं पेट्रोल तळहातावर घ्यायचं, कचरा दिसला की ‘हे बघा’ म्हणून मला दाखवायचं. पायलट जेट काढून उजेडाकडे धरायचा. सुईच्या अणीएवढ्या भोकातून उजेड दिसला नाही, तर जुन्या वायरमधली तांब्याची एक तार सोलून त्यात घालायची, हवेच्या पाइपने फुंकायचं, परत उजेडाकडे धरायचं. मग सगळं जोडून एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत कानाने रेस लावायची. तेवढ्यात माझा चहा व्हायचा. बिल असं की ते वॉरंटीत बसवायचं कुणाच्या मनातही येऊ नये. इंजिनचं मोठं काम निघालं तर ब्लॉक घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात जायचं, बोअर करून आणायचं. पार्ट पुण्याच्या नाना पेठेतून मागवता यायचा. रस्त्यावर चालणारी प्रत्येक गाडी दुरुस्त होऊ शकते, आणि तीही आपल्या शहरात, आपल्या माणसाकडून, या गृहीतकावर माझं सगळं गणित उभं होतं.

ते गृहीतक कुठल्या एका दिवशी कोसळलं नाही. सरकारी नियमांच्या तारखा लागोपाठ येत गेल्या आणि प्रत्येक तारखेला त्याची एकेक वीट निघत गेली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्ब्युरेटर जवळपास गेला. एखाद-दुसरं मॉडेल इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटरवर राहिलं, बाकी सगळीकडे फ्युएल इंजेक्शन. टाकीत पंप, इंजिनवर इंजेक्टर, धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा ईसीयू. २०२३ पासून गाडीने स्वतःच्या धुरावर स्वतः लक्ष ठेवायची अट आली. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. पावसात गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर एबीएसने मला स्वतःला वाचवलंय, आणि धूर कमी झाला तो आपल्याच नाकातला. पण तेव्हाही मी लोकांना ‘नको’च सांगत होतो. गाडी बदलली होती, सल्ला जुनाच होता.

मग एकदा मिस्त्रींकडे शेजाऱ्याच्या मुलाची गाडी उभी दिसली. बॅटरी सारखी उतरत होती. चार्जिंगचं काम बघणारा आरआर युनिट त्यांनी सोडवून माझ्या हातात दिला. पत्त्यांच्या कॅटापेक्षा थोडा मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा, बाहेरून पंखांसारख्या पट्ट्या, एका बाजूला तारांचा सॉकेट आणि त्यातली एक पिन करपून तपकिरी झालेली. उलटा केला तर मागे काळं रेझिन ओतून पूर्ण बंद केलेला.

‘उघडायचा कुठनं, सांगा की सर,’ मिस्त्री म्हणाले. ‘डांबर ओतल्यागत केलंय. नवीन घालायचा, दुसरा इलाज नाही.’

‘हा तरी बाहेर मिळतो.’

‘हा मिळतोय. एबीएसचं युनिट गेलं तर? मीटर गेला तर? ईसीयू गेला तर त्यो कंपनीतनंच आणायचा, आणि त्यांच्याच मशीनवर गाडीला ओळख करून द्यायची. माझ्याकडं स्कॅनर हाय. कोड दाखवतोय. पुढं काय करायचं ते करू देत नाही.’

मी सवयीने विचारलं, मग लोकांना काय सांगता?

‘मी तर म्हणतो घेऊन टाका वॉरंटी. मोठी गाडी असंल तर घ्याच. ऑइल बदलायला माझ्याकडं यायचं ते वॉरंटी संपल्यावर या.’

ज्या माणसाच्या भरवशावर मी वॉरंटी नको म्हणायचो, तोच माणूस स्वतःचं गिऱ्हाईक पाच वर्षं दुसऱ्याकडे पाठवायला तयार होता. शोरूममधल्या मुलाने शंभर वेळा सांगून जे झालं नसतं, ते इथे झालं. वॉरंटी विकून त्या मुलाला इन्सेंटिव्ह मिळतो. मिस्त्रींना ‘घ्या’ म्हणून नुकसानच होतं.

तरी मी लगेच मान डोलावली नाही. पण मी ज्या बाजूने हिशेब करत होतो ती बाजू कुणाची, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात राहिला. मी सरासरीचा हिशेब करत होतो. हजार गाड्यांतल्या किती बिघडतील, त्याचा खर्च किती, तो हजारांत वाटला तर प्रत्येकी किती, आणि वॉरंटीची किंमत त्याहून जास्तच असणार. हे गणित आजही बरोबर आहे. कंपनी तोट्यात वॉरंटी विकत नाही. पण हजार गाड्या कंपनीकडे असतात, आपल्याकडे एक असते. आपल्या एका गाडीच्या बाबतीत सरासरी खर्च असं काही घडतच नाही. एक तर काहीच होत नाही, नाहीतर पाच आकडी बिल येतं.

बँकेत बसून हे मला दिसायला हवं होतं असं कुणी म्हणेल, आणि दिसत होतंही. सोनेतारणाच्या खिडकीवर येणाऱ्यांत लग्न, दवाखाना, शाळेची फी यांच्यासोबत गाडी दुरुस्तीला पैसे हवेत असं सांगणारेही असतात. कुपवाडच्या एमआयडीसीत पहिली पाळी धरायची तर गाडी लागते. गाडी आठ दिवस बंद म्हणजे आठ दिवस रिक्षा, नाहीतर खाडे. त्या माणसाला पंधरा हजारांचं बिल म्हणजे बायकोच्या कानातलं. त्याचा गाडीच्या कर्जाचा हप्ता अजून चालू असतो. मला पंधरा हजार अचानक द्यावे लागले तर मी चार शिव्या देईन आणि देईन. त्याच्यासाठी ती पूर्ण वेगळी गोष्ट आहे. विमा काय किंवा वॉरंटी काय, घ्यायची ती आपल्याला न झेपणाऱ्या खर्चासाठी. हे तत्त्व मी कर्जदारांना शिकवत आलो आणि गाडीच्या बाबतीत मात्र सगळ्यांना स्वतःच्या खिशाने मोजत आलो.

भाच्याने माझं ऐकलंच नव्हतं. त्याने मोठी गाडी घेतली, तीन वर्षांच्या वॉरंटीवर दोन वर्षं वाढवून घेतली आणि मला नंतर सांगितलं. चौथ्या पावसाळ्यात त्याच्या मीटरच्या काचेआड आधी वाफ धरली, मग निम्मा डिस्प्ले गेला. वेग दिसेना, पेट्रोल दिसेना. वर्कशॉपने फोटो काढून कंपनीला पाठवले, मंजुरी आली, पार्ट यायला बरेच दिवस लागले, पण पैसे एक रुपया द्यावे लागले नाहीत. ‘मामा, मीटरची किंमत विचारा तरी,’ तो म्हणाला. मी काउंटरवर विचारली. त्याने वॉरंटीला भरलेल्या पैशांच्या कित्येक पट होती. एका उदाहरणावरून मत बनवू नये हे मला कळतं. पण किंमतपत्रिका हे उदाहरण नाही, ती सगळ्यांना सारखीच लागू. मी त्याच काउंटरवर एबीएस युनिट, फ्युएल पंप आणि थ्रॉटल बॉडीचेही भाव विचारून घेतले. काउंटरवरच्या पोराला वाटलं असेल, यांची गाडी पुरती गेलेली दिसते.

माझा जुना आक्षेप होता की उरतं काय, पिस्टन आणि क्रँक. आता उरणाऱ्या यादीत हे सगळं आहे. झिजणारे भाग आजही वगळलेले आहेत, पण ते आजही मिस्त्रींकडे चार पैशांत होतात. जे मिस्त्रींकडे होत नाही, नेमकं त्याचंच वॉरंटी बघते. आणि इलेक्ट्रॉनिक्स मधल्या सपाट काळातही झिजेची वाट न बघता जातं. पाणी, उष्णता, धक्के आणि खराब अर्थिंग एवढं त्याला पुरतं. आपल्या रस्त्यांवर यातलं काय कमी आहे?

इथपर्यंत वाचून कुणी शोरूमला निघाला असेल तर थांबा. पुढचा भाग शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

वाढीव वॉरंटीची खरी किंमत त्या दोन हजारांत नसते. ती असते पुढची चार-पाच वर्षं प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्येच, ठरलेल्या किलोमीटरला आणि ठरलेल्या मुदतीत करण्यात. एक सर्व्हिस उशिरा झाली, एकदा ऑइल बाहेर बदललं, की दावा नाकारायला कारण मिळतं. लेबर, कन्झ्युमेबल्स, वॉशिंग, वर ‘डिकार्ब करून घ्या सर’ हे सगळं धरून बघा. गल्लीतल्या सर्व्हिसिंगपेक्षा दरवर्षी जास्त जातात ते मोजा, मग वॉरंटी केवढ्याला पडली ते कळेल. जो माणूस एरवीही अधिकृत वर्कशॉपलाच जाणार आहे त्याला ती स्वस्त. जो आळसाने सर्व्हिस दोन-दोन महिने पुढे ढकलतो, त्याने हे पैसे देवळाच्या पेटीत टाकले तरी चालतील.

किलोमीटरची अट असते, ‘जे आधी येईल ते’. सांगली-कोल्हापूर रोज ये-जा करणाऱ्याचे दिवसाला शंभरच्या आसपास किलोमीटर होतात, वर्षाला पंचवीस-तीस हजार. त्याला पाच वर्षं म्हणून विकलेलं संरक्षण निम्म्या वेळातही संपू शकतं. आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्या निवृत्त माणसाची वर्षं संपतात, किलोमीटर शिल्लक राहतात. एकच पॅकेज, दोघांना दोन वेगळ्या वस्तू मिळतात.

धंद्यासाठी गाडी वापरली तर वॉरंटी नाही, अशीही अट बऱ्याच कागदांत असते. जेवणाचे डबे आणि पार्सलं पोचवणारी पोरं दिवसभर गाडीवर असतात. अचानक आलेलं बिल ज्यांना सगळ्यात जड जाईल ती हीच मंडळी, आणि दार त्यांच्याच तोंडावर बंद. यावर माझ्याकडे त्यांच्यासाठी उत्तर नाही. कागदात ती अट आहे की नाही ते बघूनच पैसे भरा, एवढंच सांगता येतं.

हॉर्न मोठा बसवला, फॉग लॅम्प लावताना मूळ वायरिंगचं इन्शुलेशन सोलून जोड दिला, मोबाइलचा चार्जर तसाच टोचला, तर इलेक्ट्रिकलचा दावा तिथेच मेला. मीटर, ईसीयू, आरआर युनिट वाचवायला वॉरंटी घ्यायची आणि दुसऱ्याच आठवड्यात बाहेरून लाइट लावायच्या, असे महाभाग मी पाहिलेत. लायटिंग सुंदर दिसते, त्याबद्दल वाद नाही.

आणि पेट्रोल. आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचा फ्युएल पंप वाढीव वॉरंटीत असताना गेला. वर्कशॉपने टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, खाली पाण्याचा थर दाखवला आणि दावा फेटाळला. इंधनातल्या भेसळीमुळे झालेलं नुकसान अटींत बसत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतला पंप नेमका तळाशीच असतो. ऊस आमच्याच शिवारातला, डिस्टिलरी आमच्याच कारखान्याची, म्हणून इथेनॉलला नावं ठेवायला आमची जीभ रेटत नाही. पण पाणी पंपावरच्या टाकीत शिरलं, की गाडी धुताना झाकणातून गेलं, हे त्या बिचाऱ्याने सिद्ध कसं करायचं? त्याने पदरचे पैसे भरले. पेट्रोलची पावती जपून ठेवायची सवय आपल्यात कुणाला आहे!

वॉरंटी आणि विमा यांची गल्लत तर सर्रास होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या. ‘वॉरंटीत आहे’ म्हणत लोक वर्कशॉपला गेले आणि हात हलवत परत आले. पूर, अपघात, चोरी हे वॉरंटीचं काम नाही, विम्याचं आहे. तेही नुसत्या थर्ड पार्टी विम्याचं नाही, स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचं. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम काढावा लागतो, त्यामुळे पुष्कळांना वाटतं आपला विमा चालू आहे. स्वतःच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षानंतर कधीच संपलेला असतो. उलट बाजूने, विमा कितीही चांगला असला तरी गाडीत आपोआप झालेला यांत्रिक किंवा विजेचा बिघाड त्यात येत नाही. तेव्हा हातात पैसे मोजके असतील तर आधी तो विमा चालू ठेवा आणि मग वाढीव वॉरंटीकडे वळा. या क्रमाबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

मत बदललं, पण एक गोष्ट मला अजून खुपते. वॉरंटी चांगली झाली म्हणून मी ती घ्या म्हणत नाहीये. दुरुस्ती बंद दाराआड गेली म्हणून म्हणतोय. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच मुद्द्यावर चौदा कारकंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. आणि बाहेर काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, प्रकरण लांबलं, आणि ते चारचाकींपुरतं होतं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक विभागाने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण आमच्या मिस्त्रींचा स्कॅनर अजून नुसता कोडच दाखवतो. त्यांच्या बोटांत जे होतं ते पाव फेऱ्याने एअर स्क्रू लावणारं ज्ञान होतं. नवं शिकायला ते तयार आहेत, शिकवणारं आणि यंत्र उघडू देणारं कुणी नाही. जे काम या माणसाला करू दिलं जात नाही, त्याचेच पैसे आपण आगाऊ भरतोय.

तर आता मला कुणी विचारलं की मी आधी गाडी कुठली ते विचारतो. शंभर-सव्वाशे सीसीची, घरातली, साधी गाडी असेल तर अजूनही ‘नको’. हिरो, बजाज, टीव्हीएसच्या अशा बऱ्याच गाड्यांना कंपनीचीच पाच वर्षांची वॉरंटी असते. तीवर आणखी पैसे घालण्याऐवजी सर्व्हिसिंग वेळेवर करा. एबीएस, रंगीत मीटर, राइड मोड असली गाडी असेल, ती चार-पाच वर्षं ठेवायची असेल आणि सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच होणार असेल, तर घ्या. दर दोन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने घेऊ नये. कंपनीची स्वतःची घ्या. शोरूमने छापलेलं ‘केअर कार्ड’ म्हणजे वॉरंटी नव्हे, ते शोरूम बंद पडलं की कार्डही संपलं. आणि बुकिंगच्याच दिवशी घ्यायची गरज नसते. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती विकतात, उशिरा घेतली तर थोडी महाग. वर्ष-दोन वर्षं गाडी चालवून, आपलं किलोमीटरचं मान आणि गाडीचा स्वभाव कळल्यावर घेतलेली मला बरी वाटते.

ज्यांनी माझ्या जुन्या सल्ल्यावरून वॉरंटीवर फुली मारली आणि ज्यांची मूळ वॉरंटी अजून चालू आहे, त्यांनी कागद काढून तारीख बघावी. पैसे भरण्याआधी अटींची पूर्ण प्रत मागा. पानभर माहितीपत्रक नको, वगळलेल्या भागांची यादी असलेली प्रत हवी. ती ‘नंतर मेलवर येईल’ म्हणाले तर पैसेही नंतर द्या. प्रत्येक सर्व्हिसचं जॉब कार्ड आणि बिल एका फाइलीत लावा. दावा फेटाळला तर कारण लेखी घ्या, तोंडी ‘नाही बसत’ ऐकून परत येऊ नका. लेखी कारण हातात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करायला फी लागत नाही.